पातेल्यातला समुद्र

(वडसा. बशीरच्या घरची बैठक, भादव्यातली दुपार. कोपऱ्यात काचेची टाकी, तिच्यावर निळा लाइट.)

बशीर: कैची दे म्हटलं ना, दादाजी. पाठीमागं काऊन लपवून राह्यला?

दादाजी: लपवून नाई राह्यलो, बशीरभाऊ. धरून राह्यलो. धार मोठी हाये तिची.

बशीर: पिशवी कापायला धारच लागते. सकाळी नागपुरातून निघालो तेव्हापासून हे दोन जीव पिशवीत आहेत. एसटीत मांडीवर डबा घेऊन बसलो. गड्ढा आला की डबा वर उचलायचा. ब्रह्मपुरीपर्यंत माझे हात वरच होते.

मलिका: कंडक्टर विचारे, काकांना कोणी पकडून नेऊन राह्यलं का?

दादाजी: पन थैलीतली मच्छी एकदम नाई सोडत, भाऊ. आमी ढिवर लोक बीज, मच्छीचे बारीक पिल्लं, आनतो तं आधी हंडी तलावात ठेवतो. मंग त्या पान्याची अन् ह्या पान्याची वळख होऊ देतो.

बशीर: झाली ओळख. अर्धा घंटा पिशवी टाकीत तरंगत ठेवली. व्हिडिओत पंधराच मिनटं सांगितले आहेत.

दादाजी: व्हिडिओतला मानूस ढिवर हाये का?

बशीर: ऑस्ट्रेलियाचा आहे.

दादाजी: मंग. त्याले वडशाचं पानी काय समजते?

मलिका: ह्या टाकीत वडशाचं काय आहे, दादाजीभाऊ? पाणी मशीनचं, मीठ पाकिटातलं, दगड सिमेंटचे, पोवळं रबराचं. वडशाची फक्त धूळ आहे. ती मी पुसते.

बशीर: पोवळं रबराचंच ठेवा लागते. खरं ठेवलं तं फॉरेस्टवाले घरी येते. वाघाले जो कायदा, तोच पोवळ्याले.

दादाजी: काय सांगता! वाघ तं मानसं उचलते. पोवळं काय करते?

बशीर: काहीच नाही करत. एका जागी बसून राहते.

मलिका: ह्यांच्यासारखं. पण ह्यांना कोणी न्यायला येत नाही.

बशीर: ऐक, ऐक. तीस वर्षं झाडीपट्टीच्या नाटकांना लाइट दिले, जनरेटर दिले, आता घुडगे गेले तं बसूही नको. दादाजी, कैची.

दादाजी: मी म्हनतो, आधी हा लाइट बदलवा. नाटकात ह्याच निळ्या लाइटात भूत येते.

बशीर: नाटकातलाच आहे तो. पावसाळ्यात मंडळ्या बंद, पडूनच होता. समुद्राच्या आत उजेड निळाच असते.

मलिका: भूत इथीबी येते. रोज असरची नमाज झाली की खुर्ची टाकून बसते टाकीसमोर.

बशीर: अन् बाजूची दुसरी खुर्ची कोणाची असते, तेबी सांग त्याले.

मलिका: मी भाजी निवडायले बसते. उजेड चांगला पडते तिथी.

बशीर: निळ्या उजेडात मेथी निवडते ही. गेल्या महिन्यात मेथीसंगं अर्धं अंगणातलं गवत शिजलं. मी खाल्लं, बोललो नाही.

दादाजी: पन टाकीत तं मच्छीच नव्हती तवा. मंग पाहत काय होत्या, भाभी?

मलिका: पाणी.

बशीर: सांगून टाक ना त्याले. घरचाच मानूस आहे.

मलिका: सांगण्यासारखं काही नाही.

बशीर: मंग मी सांगतो. ताबिश जहाजावर गेला...

दादाजी: ते माहीत हाये मले. त्याले वैनगंगेत पोहनं कोनं शिकवलं?

मलिका: म्हणूनच गेला. तुम्ही शिकवलं नसतं तं इथीच राहिला असता. तुम्ही पोहनं शिकवलं, ह्यांनी वायरिंग शिकवली, अन् दोघांनी मिळून मह्या पोराले जहाजावर चढवलं.

बशीर: इलेक्ट्रिशियन आहे तो जहाजावर. नोकरी आहे. असं बोलते जशी समुद्रात फेकून दिला.

मलिका: सात महिने झाले.

बशीर: तं ही मले विचारे, ताबिशचे अब्बा, समुद्र कसा असते जी? मी कुठं पाहिला? आमच्या खानदानात कोणीच पाहिला नाही. म्हटलं, थांब, घरीच आणतो. जूनमध्ये पहिली जोडी आणली. हीच मच्छी, नारिंगी, पांढऱ्या पट्ट्याची. जोकर म्हणते तिले दुकानदार. एका दिवसात दोन्ही गेले.

मलिका: कशानं गेले, तेबी सांगा.

बशीर: मिठाची थोडी गडबड झाली.

मलिका: मह्या डब्यातलं मीठ टाकलं ह्यांनी. दोन किलो. आयोडीनवालं.

बशीर: पाकिटावर समुद्राचं चित्र होतं!

दादाजी: चित्र होतं म्हंजे भाऊची गलती नाई.

बशीर: अन् ज्या दिवशी मच्छी मेली ना, त्या दिवसापासून ताबिशचा फोन बंद. एकोणीस दिवस. जहाज दूर होतं, नेटवर्क नव्हतं, बाकी काही नाही. पण हिनं ते मनात धरलं.

मलिका: मी काही धरलं नाही. मी असल्या गोष्टी मानत नाही.

बशीर: तीन दिवस रडली. विचारलं तं म्हणे सर्दी झाली.

मलिका: झालीच होती सर्दी. मानत नाही मी, दादाजीभाऊ. पण ह्या खेपेला मच्छी मेली नाही पाहिजे. बस. एवढंच मी ह्यांना सांगितलं आहे. मेली तं टाकी त्याच दिवशी घराबाहेर. मी पुन्हा तसे एकोणीस दिवस काढू शकत नाही.

दादाजी: हे मले आधी सांगाले पायजे होतं, भाभी.

बशीर: आता सांगितलं ना. दे कैची.

दादाजी: आज शनिवार हाये.

बशीर: मंग?

दादाजी: शनिवारी आमी बीज नाई सोडत.

बशीर: गेल्याच शनिवारी मच्छीमार सोसायटीच्या तलावात सोडलं तूनं. मले फोटो पाठवला, गळ्यात हार घालून.

दादाजी: म्हनूनच म्हनतो. अनुभव हाये.

मलिका: दादाजीभाऊ, एक विचारू? पंखा चालू आहे, अन् तुमच्या शर्टाचं पाणी काऊन होऊन राह्यलं?

दादाजी: भादव्याचं ऊन हाये.

मलिका: बाहेर पाऊस पडून राह्यला.

बशीर: खरंच गा, दादाजी. काय झालं? आम्ही पोरीच्या, शिरीनच्या घरी बारा दिवस नागपुरात, चाबी तुझ्यापाशी. टाकी गळून राह्यली का?

दादाजी: नाई नाई. टाकी एकदम ठनठनीत.

बशीर: मोटर?

दादाजी: मोटर चालू. मी रोज येत होतो, भाऊ. सकाळ-संध्याकाळ. पानी रोज चाखलं.

मलिका: चाखलं? भाजी आहे का ती?

दादाजी: आमचं मशीन जिभेतच असते, भाभी.

बशीर: मंग अडचण काय आहे?

दादाजी: बशीरभाऊ, तुमी जाताना मले काय म्हनले होते?

बशीर: म्हटलं, पाणी पिकायला, मुरायला ठेवलं आहे. पक्कं पिकल्याशिवाय मच्छी सोडत नाही. नजर ठेवजो.

दादाजी: त्याच्यापुढं काय म्हनले?

बशीर: त्याच्यापुढं? त्याच्यापुढं म्हटलं, तुझाच तलाव समज.

दादाजी: मी समजलो.

बशीर: काय समजला?

दादाजी: माहाच तलाव.

मलिका: या अल्ला.

बशीर: दादाजी, टाकीत काय टाकलं तूनं?

दादाजी: कैची देऊ का?

बशीर: काय टाकलं?

दादाजी: पेंड.

बशीर: कशाची?

दादाजी: मोहाची.

मलिका: मोहाची? मह्या घरात? जिथी नमाज पढते त्या खोलीत दारू?

दादाजी: दारू फुलाची असते, भाभी. ही बियाची. घाण्यात बिया पिळल्या की तेल निघते, मागं उरते ते पेंड. नवीन बीज सोडाच्या आधी आमी तलावात टाकतो. तलावातल्या जुन्या खादाड मच्छ्या सप्पा मरते. मंग वीस दिवस थांबाचं. जहर उतरते, पेंडीचं खत होते, पानी मस्त पिकते. आता तुमीच म्हनले, पानी पिकू द्या.

बशीर: अरे, ह्या टाकीत मारायला जुनी मच्छी होती का?

दादाजी: नव्हती.

बशीर: मंग?

दादाजी: रीत असते ना, भाऊ.

बशीर: किती टाकली?

दादाजी: एक मूठ हिशेबानं.

मलिका: अन्?

दादाजी: अन् एक मूठ आपुलकीनं. म्हटलं, बशीरभाऊचं घर हाये, कमी नाई पडलं पायजे.

बशीर: कधी?

दादाजी: तुमी गेले त्याच्या तिसऱ्या दिवशी. आज नऊ दिवस झाले. तुमी तं म्हनले होते महिनाभर येत नाई! महिन्यानं आले असते तं मी हार घेऊन उभा राह्यलो असतो. बाराव्याच दिवशी थैली घेऊन आले, आता मी काय करू?

मलिका: मीच घाई केली. आज ताबिशचा फोन येणार आहे. म्हटलं, त्याले मच्छी दाखवू, टाकीत पोहताना.

दादाजी: मी डोळे मिटून नाई बसलो, भाभी. काल तपासलं बी. आमची पद्धत हाये ती. मोठं बीज सोडाच्या आधी चार पिल्लं सोडून पाहाचे. जगले तं जहर उतरलं. मच्छरदानीच्या फडक्याची झोळी केली अन् सात पिल्लं सोडले टाकीत.

बशीर: मंग?

दादाजी: चौकात चहा पिऊन आलो तं साताचे साती पालथे. म्हनून कैची देऊन नाई राह्यलो. चाळीस वर्सं झाले, भाऊ. ह्या हातानं किती बीज सोडलं त्याची गिनती नाई. पयल्यांदा असं झालं, अन् तेबी तुमच्या घरात.

बशीर: थांब, थांब. पिल्लं कशाचे होते?

दादाजी: रोहूचे.

बशीर: आणले कुठून?

दादाजी: कुठून म्हंजे? सोसायटीच्या तलावातून.

बशीर: गोड्या पाण्यातून.

दादाजी: मंग वडशात खारा तलाव कुठी हाये?

बशीर: अरे बाबा, रोहू मिठाच्या पाण्यात टाकला तूनं! तो तसाही मरणारच होता! पेंडीची पाळीच नाही आली!

मलिका: म्हणजे ते मिठानं मेले?

बशीर: रोज चाखत होता ना तू? खारं नाही लागलं?

दादाजी: लागलं ना. मले लागलं. रोहूलेबी लागन, हे डोक्यातच नाई आलं.

बशीर: जिभेत मशीन आहे म्हणे.

दादाजी: मंग पेंडीचा गुना नाई म्हना.

बशीर: तेच तं माहीत नाही ना आता! मिठानं मेले, पेंडीनं मेले, का दोन्हीनं मिळून मारलं, कोणाले विचारू? रोहूले?

मलिका: सातही पिल्लं बाहेर काढले ना?

दादाजी: सहा काढले.

मलिका: अन् सातवं?

दादाजी: झोळीची गाठ सुटली होती. दगडाच्या मागं असन.

मलिका: तरीच! आल्यापासून वास येऊन राह्यला, अन् मी ह्यांच्या मोज्यांवर बोलली.

बशीर: मी मोजे बदलूनही आलो. कोणी माफी नाही मागितली.

मलिका: ह्या वासाची मागते. पण मोजे खरंच धुवायले झाले होते.

बशीर: असं करू का? नऊ दिवस झालेच आहेत. मोटर पाणी फिरवून राह्यली, जाळीत कोळसा आहे, तो जहर ओढते म्हणे. बहुतेक उतरलं असन. सोडून पाहू. वाचतील बी.

मलिका: नाही.

बशीर: नाहीतं पिशवीत तरी किती वेळ...

मलिका: नाही म्हटलं. एकाले सोडलं ना मी न पाहिलेल्या पाण्यात. स्टेशनवर हसत हसत हात हलवला अन् घरी येऊन दोन दिवस जेवली नाही. आता अजून दोघांना नाही सोडत.

दादाजी: भाभी, चुकलो मी.

मलिका: चुकले. चांगलेच चुकले. पण कैची नाही दिली तुम्ही. दिली असती अन् उद्या मच्छी मेली असती, तं कोणाले समजलं असतं? सारं ह्यांच्यावरच आलं असतं.

बशीर: माझ्यावर तं तसंही येते.

दादाजी: तो कोपऱ्यातला निळा ड्रम कशाचा हाये, भाऊ?

बशीर: नवीन पाणी आहे. मीठ कालवून, मोजून ठेवलं होतं, पुढं बदलायले. आता हे नको सांगू की त्यातही...

दादाजी: नाई नाई. झाकनावर तुमी लिहून ठेवलं होतं, ‘हात लावू नये’.

बशीर: अन् टाकीवर?

दादाजी: टाकीवर नव्हतं लिहिलं. लिहिलं असतं तं लावला नसता.

मलिका: मंग सध्या ड्रमाच्या पाण्यातच ठेवा ना त्यांना.

बशीर: ड्रम खोल आहे, अंधार आहे. उघडं, पसरट भांडं पाहिजे. टाकी पूर्ण खाली करून धुवा लागन. नवीन मीठ बोलवा लागन. चार-पाच दिवस लागतीलच. बादलीत काढू का?

मलिका: बादल्यांना साबण लागलेला आहे. बिर्याणीचं पातेलं घ्या. मोठं, स्टीलचं.

बशीर: बिर्याणीच्या पातेल्यात मच्छी ठेवायची?

मलिका: आजपर्यंत त्यात जे गेलं ते शिजूनच निघालं. एका खेपेला जिवंत निघू द्या.

दादाजी: हे बरं हाये. रुंद तोंडाचं हाये, हवा लागते. ओता भाऊ ड्रमातलं पानी. बस, एवढंच, अर्ध्याच्या वर. आता घ्या कैची.

बशीर: आता घ्या म्हणे! मघापासून मी...

दादाजी: अन् थैली तिरपी धरा. एकदम नाई सोडाची. चहाच्या कपानं पातेल्यातलं थोडं पानी थैलीत. थांबा. मंग अजून थोडं. भाभी, तुमी मोजा. दहा कप झाले की सोडू.

मलिका: एक. दोन. हा डाव्या बाजूचा जरा सुस्त वाटते.

दादाजी: एसटीचा दमला हाये. बशीरभाऊबी तसेच दिसून राह्यले. चला, तिसरा.

बशीर: ऑस्ट्रेलियावालाही अस्संच सांगते, दादाजी. थेंब थेंब पाणी मिसळा म्हणते. मी तो भाग पुढं ढकलला होता.

दादाजी: मंग मानूस चांगला हाये तो.

मलिका: नऊ. दहा.

दादाजी: या बाबा, या. हा एक. अन् हा दुसरा. पाह्यलं? कसे फिरून राह्यले. बशीरभाऊ, ते हवेचं यंत्र धुवून आना अन् ह्याच्यात लावा.

बशीर: धुतलं. लावतो. हे घे, बटन दाबलं... गेली.

मलिका: काय गेली?

बशीर: लाइट गेली.

मलिका: जनरेटर लावा.

बशीर: कुरखेड्याले आहे. गणपतीत दिला दहा दिवस.

मलिका: कुरखेड्याच्या गणपतीले झगमगाट, अन् मह्या दोन मच्छ्यांना हवा नाही.

बशीर: तेव्हा मले काय माहीत, पातेल्यात समुद्र भरा लागन?

दादाजी: सरका जी दोघंबी. हात धुवून आलो मी. बिनासाबनानं.

बशीर: काय करतो?

दादाजी: हवा. तळव्यानं अशी थाप मारली ना पान्यावर, की हवा आत जाते. छप्... छप्... हे यंत्र-बिंत्र आता आलं, भाऊ. आमच्या जवानीत बीज हावड्यावरून यायचं, हंडीत. मी जात होतो आनाले. दोन दिवस, दोन रात्री गाडीत हंडी हालवत बसाचं. हात थांबला की बीज मेलं. गोंदियाले उतराचं, तिथून छोट्या गाडीनं वडशाले. डब्यातले लोक म्हनत, हा मानूस हंडीसंगं भांडून राह्यला का?

मलिका: झोपत कधी होते मंग?

दादाजी: एका हातानं.

बशीर: म्हणजे?

दादाजी: एक हात झोपाचा, दुसरा हालवाचा. मंग बदली.

बशीर: तुझा फोन वाजून राह्यला, मलिका.

मलिका: ताबिश! हां बेटा, बोल... नाही, व्हिडिओ नको करू, लाइट गेली, पावसानं अंधारलं आहे, दिसणार नाही... हो, आली. दोन आहेत... आहेत ना जिवंत. अल्लाची मेहरबानी... टाकीत नाही, पातेल्यात आहेत. दादाजीकाका पाणी हलवून राह्यले. तू हसू नको... हा आवाज कसला आहे तिकडं?... लाटा? एवढ्या मोठ्या?... कधीपासून?... जेवला का? खरं सांग... अन् पोटात राहिलं का?... लिंबू चोख. आल्याचा तुकडा ठेव गालात... बरं. बरं. तिथी रात्र आहे ना? झोप मंग. ठेवते मी. झोप बेटा.

बशीर: काय म्हणे?

मलिका: समुद्र खवळला आहे. दोन दिवस झाले, जहाज सारखं हलून राह्यलं. अन्न पोटात ठरत नाही. आत्ता ड्युटीवरून आला, पाठ टेकतो म्हणे.

बशीर: मोठं जहाज असते ते, मलिका. आपल्या वडशाच्या स्टेशनाएवढं. त्याले काही होत नाही.

मलिका: माहीत आहे मले.

दादाजी: हे पाहा, भाभी. तो सुस्तवालाबी वरतं आला. तोंड उघडून पाहून राह्यला तुमच्याकडं. तुमी काळजीच करू नका. लाइट उद्या येओ का परवा येओ, मी इथून हलत नाई.

बशीर: थकला तं सांग. मीबी हलवतो.

दादाजी: तुमी उजेड धरा, भाऊ. तेच तुमचं काम हाये.

बशीर: टॉर्च धरू का?

दादाजी: धरा. अन् निळा कागद लावा वरतं. त्यांना घरच्यासारखं वाटन.

मलिका: दादाजीभाऊ.

दादाजी: हो, भाभी?

मलिका: जरा हळू हलवा. ताबिश आत्ताच झोपला.